पिवळ्या बल्बची खानावळ

"ताटावर हात धरा हो," असं म्हणत मावशी वाढायच्या आणि मान वर करून दिव्याभोवतीच्या किड्यांकडे बघायच्या. पावसाळ्यात डावा हात छत्रीसारखा ताटावर धरून जेवायची आम्हाला सवयच लागली होती.

पुंडलिकनगरात एका घराच्या पुढच्या खोलीत त्यांची खानावळ होती. मावशी मूळच्या अजिंठ्याकडच्या, नवरा वारल्यावर शहरात आलेल्या. जेवणारे आम्ही बहुतेक वाळूजच्या कारखान्यांत कामाला. खोलीत एकच पिवळा बल्ब. कुणी कुरकुरलं, "मावशी, भाजी कशाची हाय ते दिसंना," की त्या म्हणत, "दिसलं तर खाशील व्हय?"

तुम्हीही अशा खानावळीत जेवला असाल. माणूस चवीसाठी येतो, पण उजेड बघून वळतो. समोर दुसरी खानावळ निघाली, लख्ख ट्यूबलाइटवाली, तेव्हा आमच्यातले काही तिकडे गेले. मग मावशींनीही बल्ब काढून ट्यूब लावली. गेलेले परत आले. त्या उजेडात भिंतींचे पोपडे दिसायला लागले, आणि मावशींचे केस किती पिकलेत तेही.

आषाढात एका संध्याकाळी झड थांबली आणि पंखवाले किडे ट्यूबवर तुटून पडले. मावशींनी दार लोटलं, पण तोवर खोली भरली होती. बीडकडचा एक तापट फिटर जेवत होता. त्याच्या वरणात किडा पडला. त्यानं ताट सरकवलं आणि उठला. त्याच्यामागून आम्हीही उठलो.

मावशींनी वरणाचं पातेलं मोरीत उपडं केलं. "वरणाचं काय नाय. माझ्या ताटावरनं माणूस उपाशी उठला," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन त्या फिटरच्या खोलीवर आल्या. मी शेजारच्या खोलीत राहायचो.

"मला भूक नाय," तो दारातूनच म्हणाला.

"नसू दे. लागस्तोवर बसते मी."

आणि पायरीवर बसल्या. त्याला कंपनीची बस गाठायची होती. दारात मावशी, बाहेर पडायला वाट नाही. शेवटी तो खाली बसला आणि सगळा डबा संपवला. मावशी त्याच्याकडे न बघता पदरानं वारा घेत होत्या. उठताना त्यानं विचारलं, "जुना बल्ब ठेवलाय का फेकला?"

संध्याकाळी त्यानंच स्टुलावर चढून पिवळा बल्ब परत बसवला, आणि ट्यूब मागच्या भिंतीवर बाहेरून लावली, मोकळ्या प्लॉटच्या बाजूला. किडे अगदी थांबले नाहीत, पण बरेचसे तिकडे वळले. त्या भिंतीवर पाली जमल्या आणि महिनाभरात चांगल्या गुबगुबीत झाल्या. कुणीतरी त्यांना हुसकायला निघालं तर मावशी म्हणाल्या, "राहू दे. त्यांची बी खानावळ हाय ती."

पुढं काही वर्षांनी गुडघ्यांनी साथ सोडली, आणि मावशी भावाकडे गावी जायला निघाल्या. फिटरचं तोवर लग्न झालं होतं, तो घरी जेवत असे. तरी भांडी बांधायला आला. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून मावशींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"येळेवर जेवत जा रे," म्हणाल्या.

टेम्पो वळणावरून गेला. आम्ही पाच-सहाजण रस्त्यातच उभे होतो. अंधार पडत आला तरी, आता जेवायला कुठं जायचं, हे कुणीच कुणाला विचारलं नाही.