चार नळ्यांचा पाइप

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वर्ध्यात माझं गॅरेज होतं. एका कापूस व्यापाऱ्याच्या पोराला नागपूरच्या शर्यतीत फियाट पळवायची होती. त्यानं मुंबईहून चार नळ्यांचा पाइप आणला. त्यातून इंजिनाचा धूर मोकळा निघाला की गाडी जोर धरते. सोबत इंग्रजी कागद होता. मी दुसरी शिकलेला, पण वाचून दाखव म्हणायला जीभ रेटली नाही. कागद खिशात घातला अन् माझ्या अकलेनं पाइप बसवला.

दोघं हिंगणीच्या रस्त्यानं गाडी पाहायला निघालो. चार-पाच कोसांवर फटफट आवाज सुरू झाला. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तडकलं असलं तर त्याची शर्यत गेली अन् माझं नावही.

इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. उदबत्ती पेटवून पाइपाच्या एकेका जोडाजवळ धरली.

"मिस्त्री, आता पूजा काऊन करून राह्यले?"

"चूप बस. धूर पाह्य."

तिसऱ्या नळीपाशी उदबत्तीचा धूर आडवा उडाला. हेड शाबूत होतं, जोडच ढिला होता. इंजिन बंद करून थंड होऊ दिलं. पोरानं माझ्या खिशातला कागद काढून वाचला, "पयल्यांदा गरम झालं का थंड करून नट परत आवळा."

"मले काय शिकवतं? पाना काऊन आणला मंग?"

नट आवळले. फटफट थांबली. तरी वर्ध्यापर्यंत माझा कान त्या तिसऱ्या नळीवरच होता.