विहिरीला आलेला पोपटी रंग

आजऱ्याला भाचीच्या साखरपुड्याची शेवटची पंगत उठत होती आणि माझ्या मुलीचा, मंजूचा फोन आला. "आई, गिरिजाक्का गेल्या गं..." सकाळी चहा ठेवला, खुर्चीत बसल्या आणि बसल्या त्या बसल्याच. मी कोल्हापूरला पोचेपर्यंत त्यांना माती देऊन माणसं परतली होती. त्याला आता महिना होत आला. एवढ्या दिवसांत मला सारखी आठवते ती पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची एक गोष्ट. आमच्या गल्लीतल्या नव्या लोकांना ती ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

गिरिजाक्का गडहिंग्लजकडच्या. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. रंकाळ्याच्या अलीकडे आमची गल्ली जिथं चढाला लागते, तिथं वरच्या अंगाला त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी, अण्णांनी, नवं घर बांधलं होतं. आम्ही चार घरं खाली. आमच्या परड्यात विहीर होती आणि ती माझ्या सासूबाईंचा, आत्याबाईंचा, जीव की प्राण. नळाला पाणी एकाआड एक दिवस यायचं, तेही करंगळीएवढं. त्यामुळे अख्खी गल्ली आमच्या विहिरीवर. आत्याबाई रहाटाजवळ उभ्या राहून सांगायच्या, "घ्या की बिनघोर. असलं ग्वाड पानी पंचक्रोशीत न्हाय."

त्या वर्षी मंजूला टायफॉईड झाला. बरी झाली, शाळेत जाऊ लागली आणि पावसाळा सरता सरता पुन्हा तोच ताप. पोरगी वाळून काटकी झाली. आजार उलटला म्हणून सगळे हळहळत होते. एकट्या गिरिजाक्कांना हळहळीबरोबर प्रश्न पडला. मंजूच्या उशाशी बसून त्या विचारत राहिल्या, शाळेत पाणी कुठलं पिते, घरी कुठलं, उकळता का, गल्लीत आणखी कुणाला झालं. आठवून बघितलं तर आणखी तीन घरं निघाली. आणि तिन्ही घरांत प्यायला आमच्या विहिरीचं पाणी.

दुसऱ्या दिवशी त्या एक लहान बाटली घेऊन आल्या. आत औषध लावलेली कागदाची पट्टी होती. पाणी भरायचं, उबेला ठेवायचं. पाण्यात मैल्याचा अंश असेल तर ते काळं पडतं. "ही जंतूचं नाव सांगत नाही," त्या म्हणाल्या, "नुसता माग दाखवते." आमच्या न्हाणीघरातल्या बंबाशेजारी बाटली ठेवली. सकाळी बघतो तर आतलं पाणी शाईसारखं काळं.

आत्याबाई भडकल्या. "बाटलीच घाण आसंल तुजी!"

"व्हय की मावशी, आसंलही," गिरिजाक्का शांतपणे त्यांच्याच भाषेत म्हणाल्या. "मग आता तुम्हीच भरा. एक विहिरीची, एक नळाची. मी हातसुद्धा लावत नाही."

आत्याबाईंनी भरल्या. नळाची तशीच राहिली, विहिरीची काळी पडली. ती बाटली हातात घेऊन आत्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "मग ही घाण येतीया कुठनं?" त्या क्षणापासून त्या दोघी एक झाल्या. एक कॉलेजातली बाई, एक अंगठेबहाद्दर. दोघींना एकाच कोड्यानं झपाटलं.

गल्लीकडे मात्र उत्तर तयार होतं. विहिरीमागे भाडेकरूंची छोटी चाळ होती, तिचा एकच सामाईक संडास. पुरुषमंडळींनी ठरवूनच टाकलं, घाण तिथलीच. संडास पाडा, भाडेकरू उठवा. चाळीतली शेवंता धुणीभांडी करायची. तिला दोन घरांनी कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. ती आमच्या दारात येऊन म्हणाली, "वैनी, आमी काय केलंय वो?" गिरिजाक्कांनीच मंडळींना थोपवलं. "माग काढल्याशिवाय कुणाच्या भिंतीला हात लावायचा नाही," म्हणाल्या. "तोवर सगळ्यांनी पाणी उकळून प्या."

कॉलेजातून त्यांनी एक तांबूस पूड आणली. चिमूटभर पाण्यात पडली की पाणी उन्हात पोपटी चमकायचं. निरुपद्रवी, पण लपणारी नव्हे. ती चाळीच्या संडासात ओतली आणि आत्याबाईंनी विहिरीवर पहारा धरला. रोज बादली काढायची, उन्हात धरायची. दिवस गेले, आठवडे गेले, पाणी नितळ. आत्याबाईंची नजर चुकेल म्हणून गिरिजाक्का कॉलेजला जाताना स्वतः वाकून बघायच्या. शेवटी चाळ संशयातून सुटली. मग त्यांनी वरच्या अंगाची घरं धरली, आणि पूड ओतायला सुरुवात स्वतःच्याच संडासापासून केली. का, असं कुणी विचारलंही नाही. सगळ्यांचं तपासायचं म्हटल्यावर कुठून तरी सुरुवात करायचीच होती, असंच आम्हाला वाटलं.

आठवडा उलटला नसेल. मी चुलीपाशी होते, आत्याबाईंची हाक आली... हाक कसली, किंकाळीच. धावत गेले. बादलीत पोपटी पाणी. कोवळ्या भाताच्या रोपासारखं, इतकं सुंदर की क्षणभर मला त्याचा अर्थच कळला नाही.

गिरिजाक्का आल्या. बादलीकडे बघत उभ्या राहिल्या. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता, आणि तरी डोळ्यांत काहीतरी चमकत होतं. कोडं सुटल्यावर येते तशी चमक. आत्याबाईंनी इकडंतिकडं बघितलं, बादली झटकन सांडून दिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "गिरिजा, कुनाला सांगू नगंस. तुजी संडासाची टाकी गुपचूप दुरुस्त करून घे. माजं तोंड शिवलेलं हाय."

"मावशी, आता कळलंय," गिरिजाक्का म्हणाल्या. "कळलेलं न कळल्यासारखं कसं करू? अन् शेवंताचं काय?" मग त्या आत आल्या, मंजूच्या अंथरुणापाशी. तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या आणि तिथं मात्र त्यांना रडू आवरलं नाही.

त्या संध्याकाळी गल्ली जमली तेव्हा त्यांनी उभं राहून सांगितलं, घाण माझ्या घरची आहे. अण्णा खाली मान घालून बसले होते. घर बांधताना रस्ता खोदून ड्रेनेजला जोडायची कटकट नको, म्हणून त्यांनीच मैल्याची टाकी बांधून घेतली होती. टाकीच्या तळाला तडा गेला होता आणि खालच्या खडकातल्या भेगांनी पाणी थेट आमच्या झऱ्याला मिळत होतं. कुणी चार शब्द तोडून बोललं, कुणी उठून गेलं. शेवंताला कामावरून काढणारे त्यातच होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला परत बोलावलं. त्यातल्या एका घरी ती गेली नाही.

टाकी फोडून, रस्ता खोदून ड्रेनेजची जोडणी होईपर्यंत गिरिजाक्कांच्या घराला संडास नव्हता. कुणाकडे मागायचं म्हणून त्या अवघडून उभ्या होत्या, तेव्हा शेवंतानंच हाक मारली, "या की बाई, आमच्यात! आमचा संडास परीक्षा पास झालाय न्हवं?" गिरिजाक्का इतक्या मोठ्यानं हसल्या की चाळीतली माणसं बाहेर आली. पुढे कितीतरी दिवस प्राध्यापकीणबाई चाळीच्या रांगेत डबा घेऊन उभ्या असायच्या.

विहीर सुधारायला फार वेळ लागला. उपसा झाला, ब्लीचिंग पावडर झाली, बाटल्या काळ्या पडतच राहिल्या. मग एकदा पडली नाही. आत्याबाईंनी गल्लीत साखर वाटली. गिरिजाक्का मात्र म्हणाल्या, "आजचं उत्तर आजच्यापुरतं, मावशी. उकळणं सोडायचं नाही." आत्याबाईंनी शेवटपर्यंत सोडलं नाही. मंजूही सावरली, यंदा तिला मुलगा झाला.

परवा अण्णांना भेटायला गेले. घर आवरलेलं, चहाची पातेली जागच्या जागी. त्यांनी पेल्यात पाणी आणून दिलं. कुणाच्याही घरी पाणी हातात आलं की गिरिजाक्का पेला आधी उजेडाकडे धरायच्या. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत हे त्या जन्मभर शिकवत आल्या, तरी धरायच्या. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाल्या, "दिसत नाही म्हणून तर बघावंसं वाटतं."

बोलता बोलता माझाही पेला खिडकीकडे गेला होता. अण्णा बघत होते.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"तीपण हेच सांगायची," ते म्हणाले. "प्या. उकळलेलं आहे."