पुस्तकबाईंचा ईस्टर

पुस्तकबाईंबद्दल काहीतरी लिहा, असे मंडळीतल्या लोकांनी मला तीन-चारदा सांगितले. चर्चची स्मरणिका निघाली तेव्हा सांगितले, बाई गेल्या तेव्हाही सांगितले. दर वेळी मी डोळ्यांचे, गुडघ्यांचे, कशाचे तरी निमित्त पुढे केले. खरे कारण एवढेच की बाईंचे दुकान माझ्यामुळे गेले आणि हे आजवर कोणालाही माहीत नाही. आता मला एक्याऐंशीवे चालू आहे. निमित्ते संपली.

नाताळ सगळेच विकतात. ईस्टर विकणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली.

छावणीतल्या आमच्या चर्चच्या फाटकाला लागून एक खोली होती. तिच्यात बायबल, गीतांची पुस्तके, मेणबत्त्या, कॅलेंडरे आणि या सगळ्यांच्या मधे एका स्टुलावर बाई. त्या मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीने दुकान त्यांच्याकडे दिले. डिसेंबरात तिथे पाय ठेवायला जागा नसे. दारावर टांगायच्या कागदी चांदण्या घ्यायला सगळे शहर लोटायचे, त्यात मुसलमान घरांतली पोरे असायची, बौद्ध घरांतल्या बायका असायच्या. ईस्टरला मात्र दुकान ओस. बाईंना हे मनापासून लागायचे.

"पाळण्यातलं बाळ बघायला सगळ्यांनाच आवडतंय," त्या म्हणायच्या. "प्रभूच्या कबरीपाशी कोण येतंय? तेव्हाबी बायाच आल्या होत्या, आताबी बायालाच यावं लागंल."

मग त्या कामाला लागायच्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चांदण्या खाली उतरत आणि दाराशी फळा लागे. त्यावर खडूने लिहिलेले असे, 'ईस्टरला इतके दिवस राहिले.' आकडा रोज सकाळी बदलायचा. समोरच्या स्टँडवरचे रिक्षावाले जाता-येता ओरडायचे, "बाईजी, कितने दिन?" बाई बोटांनी दाखवायच्या. पेन घ्यायला आलेला माणूसही ईस्टरचे आमंत्रण घेऊनच बाहेर पडे. "मी हिंदू आहे हो बाई," असे एकाने सांगितल्याचे मला आठवते. बाई म्हणाल्या, "मग काय झालं? सूर्य तुमच्याकडं दुसरीकडून उगवतो का? पहाटं या, चहा पिऊन जा."

पुण्याच्या एका विक्रेत्याने एकदा त्यांना रंगीत प्लास्टिकची अंडी दाखवली. शहरांत ईस्टरला हेच चालते म्हणाला. बाईंनी एक अंडे हातात घेऊन कानाशी हलवले आणि परत दिले. "अंडी आमच्या कन्नडच्या बाजारात टोपलीनं मिळतात भाऊ, आन् ती खाता येतात."

त्यांची स्वतःची वस्तू वेगळी होती. आमच्याकडे ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्तानात होते. आदल्या दिवशी कबरींना चुना लावतात, पहाटे फुले आणि मेणबत्त्या ठेवतात. बाईंनी त्यासाठी कार्डे काढली. तुम्ही तुमच्या गेलेल्या माणसाचे नाव सांगायचे, बाई ते सुवाच्य अक्षरात लिहीत. मग चष्म्यावरून बघून विचारत, "काय आवडायचं त्यांना?" आणि नावाखाली तेही लिहीत. 'सायमन काका. गोड बोरं.' 'मार्था आत्या. दुसऱ्याच्या लग्नात रडणं.' कार्ड कबरीवर ठेवायचे. बघता बघता ही कार्डे इतकी चालली की लासूर स्टेशन आणि कन्नडकडची माणसेसुद्धा पहाटेच्या उपासनेला येऊ लागली. त्यांच्या घरची कितीतरी माणसे नोकरीनिमित्त इथे राहिली होती आणि इथेच पुरलेली होती. बाई ईस्टरआधीच्या उपवासकाळात एसटीने त्या गावांना जात, आमंत्रणाच्या चिठ्ठ्या वाटत. चिठ्ठीवर असे, 'पहाटे साडेपाच, कबरस्तानाचे फाटक.'

मी तेव्हा पंच कमिटीचा सचिव होतो. पोस्टातून निवृत्त झालेला, अक्षर चांगले, म्हणून सचिव. बाई मला सेक्रेटरी भाऊ म्हणत.

त्या वर्षी, शहराचे नाव अजून बदलायचे होते तेव्हाची गोष्ट, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, दुपारी कबरस्तानाची मागची भिंत कोसळली. दगडांतून साप निघाला. कमिटी लगेच बसली. अंधारात लोकांना तिथे न्यायचे नाही, उपासना सात वाजता चर्चच्या मैदानात घ्यायची, शनिवारी संध्याकाळी चुना लावून झाला की कबरस्तानाला कुलूप लावायचे, असे ठरले. निरोपाची घरे वाटून घेतली. बाईंना सांगायचे काम माझ्याकडे आले. बाई मग गावांकडे फोन करतील, असे ठरले होते.

शनिवारी सकाळी मी दुकानात गेलो. मी गेलो होतो, हे खरे आहे. बाई कार्डे लिहीत होत्या.

"या सेक्रेटरी भाऊ, तुमचीच वाट बघत व्हते. रूथबाईंचं राहिलंय."

रूथ माझी बायको. तिला जाऊन सात महिने झाले होते. तिच्यावाचूनचा तो माझा पहिला ईस्टर.

"काय आवडायचं त्यांना?"

"भांडायला," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तसेच लिहिले, 'रूथ. भांडायला आवडायचं.' मग कार्डावर फुंकर घातली आणि म्हणाल्या, "उद्या पहिलं कार्ड तुमचं ठेवू. तुम्ही ठेवा, मी मेणबत्ती धरते."

शाई ओली होती. त्या कार्डासमोर, उद्या फाटकाला कुलूप आहे, हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. दुपारी फोन करू म्हटले. दुपारी म्हटले संध्याकाळी करू. संध्याकाळी फोन लागला नाही आणि मला बरे वाटले. बाकीच्यांनी धरून चालले की सचिवांनी सांगितले असेल.

पहाटे काय झाले ते मला रफिकभाईंनी सांगितले. कबरस्तानासमोर त्यांची चहाची गाडी असते. "साहब, आज तो तुम्हारी ईद सडकपेच हो गई," ते म्हणाले. साडेपाचला गावांकडची पन्नासेक माणसे फाटकाशी उभी, कुलूप बघून कुजबुजत होती. बाईंनी कुलूप दोनदा ओढून पाहिले. मग फाटकाकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रभूच्या कबरीकडं त्या बायाबी विचारतच गेल्या होत्या, तोंडावरचा धोंडा कोण सारील म्हणून. त्या काय घरी परतल्या व्हय? मेणबत्त्या लावा." रस्त्यावरच उपासना झाली. एकेकाने आपापले कार्ड मोठ्याने वाचले. बोरे, बिड्या, लग्नातले रडणे. लोक हसत होते आणि डोळे पुसत होते. शेवटी रफिकभाई स्वतः पुढे झाले. "मेरी अम्मी का भी लिखो बाईजी. इमली पसंद थी." बाईंनी एका चिठ्ठीच्या पाठीवर ते लिहून दिले. कार्डे सगळ्यांनी फाटकाच्या गजांत खोचली.

माझ्या बायकोचे कार्ड बाईंनी वाचले. मी त्या वेळी घरी दाढी करत होतो.

कन्नडची माणसे खूश होऊन गेली. पण लासूरचे एक म्हातारे सात वाजता थेट मैदानात आले आणि सगळ्यांदेखत अध्यक्षांना म्हणाले, "माणसं बोलावता आन् फाटकाला कुलूप लावता व्हय? माझ्या पोराची कबर बाहेरून बघायला आलो काय मी?"

सोमवारी कमिटी बसली. अध्यक्षांनी विचारले, "बाईंना कळवलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो. "शनिवारी सकाळी दुकानात जाऊन सांगितलं."

बाईंना बोलावले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. घरात किल्ली शोधताना माणूस जसा बघतो, तशा त्या आठवत होत्या. मग म्हणाल्या, "सेक्रेटरी भाऊ आले व्हते खरे. सांगितलं असंल. माझ्याच डोक्यातून गेलं."

मी इतिवृत्तात लिहिले, 'संबंधितांना वेळेत कळवण्यात आले होते.' ती ओळ माझ्या अक्षरात अजून आहे. ती खोटी आहे, हे मी इथे लिहून देतो. दोन महिन्यांनी वयाचे कारण दाखवून दुकान बाईंकडून काढून घेतले. त्या ठरावावरही अक्षर माझेच.

बाई रुसल्या नाहीत. भिंत बांधून झाली, पुढच्या वर्षी उपासना पुन्हा कबरस्तानात भरली आणि बाई पिशवीत कार्डे घेऊन फाटकाशी हजर. कन्नडच्या आठवडी बाजारात पोते अंथरून, पुस्तके मांडून बसायच्या. भाजीवाल्या बायका त्यांना जागा धरून ठेवत. "दुकानात गिऱ्हाईक माझ्याकडं यायचं, आता मी जाते," असे त्या मजेत सांगायच्या. मी दिसलो की आधी त्याच सलाम करायच्या. हेच मला सोसत नसे. चार-पाच वेळा मी सांगायचे ठरवून गेलो आणि हवापाण्याचे बोलून परत आलो.

शेवटी त्या जालन्याला भाचीकडे राहायला गेल्या. एकदा मी एसटीने खास त्यासाठी गेलो. वाटभर एकच वाक्य घोकत होतो. बाई ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर वही. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की भाचीला हाक मारून चहा टाकायला लावला.

"वहीत काय लिहिता?" मी विचारले.

"सगळंच. कोण आलं, काय म्हणालं," त्या म्हणाल्या. "त्या कुलपाच्या वेळी तुम्ही येऊन सांगून गेलात आन् मला त्यातला एक शब्द आठवंना. तेव्हाच कळलं, आपल्या डोक्याचा भरवसा राहिला नाय. तेव्हापासून लिहून ठेवते. बरं झालं, सवय लागली."

"बाई," मी म्हणालो.

"बोला की."

भाची चहा घेऊन आली. बाई वाट बघत होत्या. पेन हातात धरलेले होते, मी काय म्हणतो ते लिहून घ्यायला.

"चहा छान झालाय," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतले.

पुढच्या उपवासकाळात त्या गेल्या. मातीला मी गेलो होतो. घोकलेले वाक्य तिथेही तोंडात होते आणि ते तसेच परत आणले. ते असे होते: बाई, मी आलो होतो, पण सांगितले नव्हते. तुम्ही काहीही विसरला नव्हतात.