अप्पांचं रगत आणि रंग लावलेली मेंढरं

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय! अप्पा शेजारच्या कॉटवर शांत झोपलेत आणि माझ्या पोटात हे मावत नाहीये.

आम्ही सांगोल्याकडचे मेंढपाळ. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शौचातून रक्त जायला लागलं म्हणून सोलापुरात आणलं. रक्ताच्या बाटल्या चढवल्या, वरून-खालून दुर्बीण घातली, पण रक्त नेमकं कुठून जातंय ते सापडेना, म्हणून स्कॅन करायचं ठरलं. आईनं बिरोबाला साकडं घातलं, "देवा, रगत थांबव." आणि स्कॅनच्या दिवशी सकाळी खरंच थांबलं! आईनं अप्पांच्या कपाळाला भंडारा लावला. मी नाचायचीच बाकी होते.

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "स्कॅन चालू असताना रक्त वाहत असेल तरच जागा दिसते. आत्ता जागा सापडली नाही तर हे पुन्हा सुरू होणार, आणि तेव्हा सोसायला अंगात ताकद उरायला नको का?"

आईचं तोंडच उतरलं. आता देवाकडं मागायचं काय? परत वाहू दे म्हणायचं?

अप्पाच हसले. "देव काय आपलं राखणीचं कुत्रं हाय व्हय? थांब म्हटलं की थांबायचं, चल म्हटलं की चालायचं? त्याला कळतंय की!"

आत नेताना टेक्निशियननं समजावलं, "मामा, तुमचंच थोडं रक्त काढतो, त्याला किरणांचं औषध लावून परत सोडतो. मग ते कुठं जातंय ते कॅमेऱ्यात दिसतं."

"म्हंजी मेंढराला रंग लावून कळपात सोडल्यागत?"

"अगदी तसंच!"

"मग बगा, चुकार मेंढरू कुटनं निसटतंय ते."

आम्ही दोघी बाहेर बाकड्यावर. हात जोडले, पण थांबू दे म्हणवेना आणि वाहू दे तर त्याहून म्हणवेना. शेवटी मनात एवढंच आलं, तुझं तू बघ. आणि काय सांगू, एकदम शांत वाटलं. आईनंही हातातली भंडाऱ्याची पुडी परत कमरेला खोचली.

पहिल्या फोटोंत काहीच नव्हतं. "थोडं थांबून परत बघू," टेक्निशियन म्हणाला. आणि मग डॉक्टरच बाहेर आले, "दिसलं! मोठ्या आतड्यात, उजव्या बाजूला." लगेच मांडीतून बारीक नळी घालून ती रक्तवाहिनी बंद केली.

चमत्कार वगैरे मी म्हणत नाही. कॅमेरा होता, डॉक्टर होते. पण जे वाहायला नको म्हणून रडत होतो, ते वाहिलं म्हणून अप्पा वाचले. आमचं मागणं तिथं उपयोगाचं नव्हतंच. गुंगी उतरल्यावर अप्पांनी पहिलं विचारलं, "चुकार घावलं का?" आई हसता हसता रडली.

तुमचं झालंय का कधी असं, हात जोडले आणि काय मागावं तेच कळलं नाही? सांगा ना!