पालथी पडलेली तिसरी

एकाहत्तरच्या युद्धाचे दिवस होते. नागपूर सीमेपासून लांब. पण इथं विमानतळ, कामठीला छावणी. त्यामुळं आम्हा प्राथमिक शिक्षिकांनाही हवाई हल्ल्यात काय करायचं ते शिकवलं गेलं. मी तेवीस वर्षांची, गिरणीजवळच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर. शिकले तसं मुलांकडून घोटून घेतलं. धडाका झाला की पालथं पडायचं, डोळे मिटायचे, कानांत बोटं घालायची. धोका टळल्याचा लांब भोंगा वाजेपर्यंत उठायचं नाही. आईनं हाक मारली तरी नाही.

एक मुलगी मात्र बोटं नुसती कानाशी धरायची आणि मान वर करून इकडेतिकडे बघायची. तिला मी दोनदा शिक्षा केली होती.

त्या दुपारी व्हरांड्यात, आमच्या वर्गाच्या बांबूच्या तट्ट्याच्या भिंतीला लागून, शाळेतल्या मावशी मुलांसाठी दलिया शिजवत होत्या. मी फळ्यावर गणित लिहीत होते. अचानक स्टोव्ह फुटला. वळून पाहते तो सगळा वर्ग टाटपट्टीवर पालथा. अडतीस मुलं, एकही चुकलं नव्हतं. क्षणभर मला अभिमानच वाटला.

मग तट्ट्यानं पेट घेतला.

"उठा! बाहेर पळा!" मी ओरडले. कुणी हललं नाही. मैदानाकडचं दार सताड उघडं होतं आणि मुलं कानांत बोटं खुपसून, डोळे गच्च मिटून पडली होती. मी दोघांना दंडाला धरून उठवलं. तिसऱ्याला ओढलं तर तो जमिनीला आणखीच चिकटला. धूर खाली उतरायला लागला.

तेवढ्यात ती मुलगी उठून बसली.

"बाई, उठाचं का? भोंगा तं वाजलाच नाही!"

"उठ वं! सगळ्यायले उठव!"

तिनं शेजारणीची वेणीच धरून ओढली. मग दुसरीची. एकेक जण डोळे उघडू लागला, जाळ बघून किंचाळत दाराकडे धावला. मैदानात मी तीनदा मोजलं. अडतीस. मावशींचा हात मनगटापर्यंत भाजला होता. त्यांना टांग्यातून दवाखान्यात नेलं.

हेडमास्तर म्हणाले, "पोरं शिस्तीत झोपली होती म्हणे. छान शिकवलंत, बाई." मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीनं विचारलं, "बाई, आता 'काहून उठवलं सगळ्यायले' म्हणून रागावाल का?"

"नाही गं," मी म्हणाले. मग सगळ्यांना नवीन नियम सांगितला. पालथं पडायचं, कान झाकायचे, पण डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघायचं. मी हात वर केला की बाहेर पळायचं.

सराव सुरू झाला. अडतीस जोडी डोळे जमिनीवरून माझ्यावर खिळले. मी एकदा दाराकडे बघितलं आणि हात वर केला.