डिंगीचा दोर

कुरुंदा गावातली हळदीची शेती अन् नववीतली शाळा सोडून मी इथं समुद्रावर कामाला आलो, पण पाण्याची धास्ती अजून गेली न्हाई.

इंजिन नसलेल्या शिडाच्या यॉटला मोटारीची छोटी होडी, म्हणजे डिंगी, बाजूला बांधून आमचे म्हातारे तांडेल, होडीवरचे मुख्य खलाशी, तिला धक्क्याला आणतात. "चल गो बाय, सावकाश," असं यॉटशी बोलतात. मला हळदवाल्या म्हणतात.

परवा डिंगी मी बांधली. गाडीला बैल पुढं असतो, म्हणून मी ती यॉटच्या तोंडापाशी बांधली. यॉट वळेचना, धक्क्याला घासली.

"कुणी बांधली? आजच घरी पाठवतो!" यॉटचे मालक ओरडले.

"मीच," तांडेल म्हणाले. त्यांना कोण घरी पाठवणार? मालक पाय आपटत निघाले.

मालक गेल्यावर तांडेलांनी दोर माझ्याच हातात दिला. "आता मागच्या टोकाला बांध, हळदवाल्या. यॉट मागून वळते. सावकाश."

मी गाठ मारायला लागलो. गाठ बसेपर्यंत तांडेल स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभे राहिले.