मागच्या खोलीपर्यंत

ऑफिसात तिला सगळे भिंतवाली म्हणायचे. कंपनी स्वस्तातले घरगुती राउटर बनवायची आणि ते तपासण्याचं काम तिच्याकडे होतं. तपासणीची खोली म्हणजे नुसती मोकळी जागा. मधे भिंत नाही, कपाट नाही, माणसांचा वावर नाही. तिथं कुठलाही राउटर झक्कास पास व्हायचा. "अहो साहेब, लोक काय मैदानात राहतात का?" असं विचारून ती नवं यंत्र पिशवीत टाकायची आणि घरी घेऊन यायची. साहेबांची काही हरकत नव्हती. त्यांना तपासणीला आयतं घर मिळत होतं.

आणि घरही अगदी तपासणीसाठीच बांधल्यासारखं. पुढच्या खोलीत भिंतीतल्या फडताळात राउटर, मग स्वयंपाकघर, मग हातभर जाडीची भिंत, आणि तिच्यामागे आईची खोली. आईच्या खोलीत जो तग धरेल तो कुठंही धरेल, हा तिचा साधा हिशेब. दिवसभर ऑफिसात राबून आल्यावर ती फोन हातात धरून या खोलीतून त्या खोलीत फिरायची. दार लावून बघ, उघडून बघ, उभ्यानं बघ, बसून बघ. पाय भरून यायचे. तिच्या लग्नाचं बघू बघू म्हणता राहून गेलं होतं आणि आता कोणी विषयही काढत नव्हतं.

"घरी आल्यावर तरी बूड टेक की गं," आई म्हणायची. "काही हरवल्यासारखी काय फिरतेस?"

"तू आधी ती फडताळापुढची भांडी काढ. स्टील मधे आलं की सिग्नल अडतो, किती वेळा सांगू तुला?"

"काढते बाई," म्हणून आई भांडी उचलायची.

गेल्या हिवाळ्यात आई न्हाणीघरात पडली आणि लेक घरी येईपर्यंत तशीच पडून राहिली. त्यानंतर परगावच्या दादानं आईच्या खोलीसाठी कॅमेरा पाठवला. दोघा भावंडांना आपापल्या फोनवर आई दिसायची. दादानं बजावलं होतं, "चित्र नीट आलं पाहिजे. नाहीतर मी आईला माझ्याकडे आणणार." आईला दादाकडे जायचं नव्हतं. "तिथं मी दाराशी टेकवलेल्या छत्रीसारखी," ती म्हणायची. लेकीलाही ते नको होतं. आई तिकडे गेली तर या तीन खोल्यांत ती एकटीच फोन घेऊन फिरत राहणार होती.

आणि नेमकं दुपारचंच चित्र गोठायला लागलं. आईचं जेवण झालं की फोनवर नुसतं चक्र गरगरत राहायचं. उन्हं कलली की सगळं सुरळीत. दादाचा पारा चढला. "तू राउटरवाली ना? मग तुझ्याच घरात ही गत? ते काही नाही, येत्या रविवारी मी आईला घेऊन जातो."

तिनं रजा टाकली. फडताळात कंपनीचं नवंकोरं मॉडेल होतं आणि ते पास की नापास, हेही तिलाच सांगायचं होतं. सकाळपासून ती आईच्या खोलीत स्टूल टाकून बसली. दार लावलं, मिक्सर फिरवला, जुन्या फोनवर सिनेमा चालू ठेवला. काही म्हणता काही बिघडेना. यंत्र स्वस्तातलं असलं तरी कामाला चोख होतं.

जेवणं झाली. आई आडवी झाली, उठून बसली, पुन्हा आडवी झाली.

"तू आज जाणारच नाहीस का कुठं?"

"रजा आहे म्हटलं ना. झोप तू."

आईच्या डोळ्यांवर झापड आली होती, पण डोळे मिटायला ती तयार नव्हती. शेवटी तिला राहवेना. भिंत धरत धरत ती स्वयंपाकघरात गेली, कणीक मळायची मोठी परात घेतली, पुढच्या खोलीत जाऊन फडताळाला आडवी लावली आणि येऊन मुकाट्यानं गादीवर बसली. भिंतवालीच्या हातातल्या फोनवर सिग्नलचा आकडा धाडकन खाली आला.

"आई! रोज हेच करतेस?"

"कॅमेऱ्याची वायर काढली तर दादा लगेच फोन करून ओरडतो. म्हटलं, तूच सांगतेस ना, स्टील आलं की अडतं." आईनं चादरीचं टोक सारखं केलं. "झोपेत माझं तोंड उघडं पडतं गं. लाळ गळते. तुझे बाबा होते तोवर मी भिंतीकडे तोंड करून झोपले, जन्मभर. आता कुठं खोली माझी एकटीची झाली, तर त्याचा हा डोळा भिंतीवर! मुलानं आईला तसं बघू नये."

तिला रागही आला आणि रडूही. "आणि पडलीस म्हणजे?"

"झोपलेलं माणूस कुठं पडतं?" आई म्हणाली. "असं करू. उठले की आधी परात काढीन. चित्र आलं की समज, आई उठली. नाहीच आलं, तर ये धावत."

ऑफिसात जेवताना आपणही ते चित्र कितीदा उघडलं, आणि आईला एकदाही विचारलं नाही, हे आठवून तिला लाज वाटली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "काय निघालं?"

यंत्राच्या बाबतीत ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती. "स्वस्तातला आहे रे. दुपारी तापतो. तासभर बंद ठेवावा लागणार."

"मग महागातला घे. पैसे मी देतो."

"महागातलाही या भिंतीपुढे नांगी टाकतो."

दादा घुटमळला. पण या एका विषयात घरात तिचा शब्द शेवटचा होता. "बरं," तो म्हणाला, "पण तासभरच हं." रविवारचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मनातल्या मनात त्या बिचाऱ्या यंत्राची माफी मागितली आणि त्याला पास करून टाकलं.

आता रोज दुपारी तिचा फोन ऑफिसच्या टेबलावर उघडा असतो आणि त्यावर चक्र फिरत असतं. परवा ते फिरतच राहिलं. तिनं कामात मन घालून पाहिलं, पाणी पिऊन पाहिलं. शेवटी पिशवी खांद्याला लावून ती दारापर्यंत पोचली, तेवढ्यात चित्र आलं. रिकामी गादी, बाजूला सरकवलेली चादर, आणि फोनमधून ऐकू येणारा, स्वयंपाकघरात परात जागेवर ठेवल्याचा खणखणाट. पिशवी तशीच खांद्यावर ठेवून ती भिंतीला टेकून खाली बसली.

"काय हो, काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "आई उठली."